सोलापुरात खोलीत, कोकोपीटवर ढोबळी मिरची: खत, लाईट आणि हवा कशी सांभाळावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या एका खोलीत एलईडीखाली कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्यांत ढोबळी मिरची लावली आहे. पाणी बोअरचं, खत १९:१९:१९ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे), लाईट चोवीस तास चालू आणि धूळ येते म्हणून खिडकी बंद. पानांच्या कडा करपतात, शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो, फुलं गळतात, धरलेल्या फळांना बुडाशी काळा डाग येतो. आणि तुम्ही विचारताय, आता कोणतं खत वाढवू?

कोणतंच वाढवू नका. मीही सोलापुरातच, विजापूर रोडला राहतो आणि वरच्या खोलीत ढोबळीच करतो. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे खताचा प्रश्न हा आधी हवेचा प्रश्न असतो. मार्च ते मे आपल्या हवेत ओलावा इतका कमी असतो की झाड सतत पाणी ओढत राहतं. पाणी ओढतं, पण त्यातलं सगळं मीठ, म्हणजे खताचे आणि पाण्याचे क्षार, ओढत नाही. ते मागे कोकोपीटमध्ये साठतं. तुम्ही पुन्हा खताचं पाणी घालता, मीठ आणखी चढतं आणि पानांच्या कडा करपतात. हे बघून माणसाला वाटतं झाड उपाशी आहे, म्हणून तो खत वाढवतो. इथंच सगळं बिघडतं.

बुडाच्या काळ्या डागाचंही तेच. तो कॅल्शियमच्या कमतरतेचा डाग, पण कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं आणि पाणी जिथून जास्त उडतं तिथं जातं. कोरड्या हवेत सगळं पाणी पानं ओढून घेतात, फळाच्या वाट्याला काही येत नाही. म्हणजे पिशवीत कॅल्शियम भरपूर असूनही फळ उपाशी राहू शकतं. त्यात तुमच्या १९:१९:१९ मध्ये कॅल्शियमही नाही आणि मॅग्नेशियमही नाही, शिरांमधल्या पिवळेपणाचं तेही एक कारण असू शकतं.

हवेपासूनच सुरुवात करू. एक साधा डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर आणा आणि तो भिंतीवर न लावता झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगा. २६ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला ढोबळी खूश असते. ३८ अंश आणि २० टक्के झाले की हवा पानातून त्याच्या जवळजवळ चौपट जोरानं पाणी खेचते. त्या ताणाला मुळं पुरी पडत नाहीत, पान आपली रंध्रं मिटून घेतं आणि वाढ थांबते. अशा वेळी कितीही महाग खत घाला, ते खाणार कोण?

आपल्याकडे यावर सगळ्यात चांगला उपाय घरोघरी आधीच आहे, तो म्हणजे कूलर. हवा कोरडी असल्यानं सोलापुरात कूलर खरंच काम करतो आणि गारव्याबरोबर ओलावाही देतो. फक्त दोन गोष्टी पाळा. कूलरचा झोत थेट झाडांवर नको, तो भिंतीवर आपटून यावा. आणि हवा बाहेर जायला वाट हवी. एक खिडकी बोटभर उघडी ठेवा किंवा वर एक्झॉस्ट लावा, नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि गार होणं थांबतं. धुळीसाठी खिडकीला शेडनेटचा तुकडा किंवा बारीक जाळी पुरते. बाजारात अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर मिळतात, ते बोअरच्या पाण्यावर अजिबात चालवू नका. पाण्यातले क्षार धुक्याबरोबर उडून पानांवर पांढरी भुकटी बसते.

याशिवाय एक छोटा फिरता पंखा हवा. पानं नुसती हलकी थरथरली पाहिजेत, फडफडता कामा नयेत. पानाला चिकटून असलेली दमट हवा तो हलवतो, खोडही मजबूत होतं. खोलीत वारा आणि मधमाशा नसल्यानं फुलं आली की झाडाला दुपारच्या आधी हलकेच टिचकी मारायची, पराग आपोआप पडतो.

पावसाळ्यात हे सगळं उलटं करायचं. जुलै-ऑगस्टमध्ये कूलर बंद, एक्झॉस्ट चालू. त्या दिवसांत लाईट गेल्यावर आर्द्रता एकदम चढते आणि हवा थांबलेली असली की भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते.

आता कोकोपीट. ही माती नाही, हे एकदा पक्कं धरलं की निम्मे प्रश्न सुटतात. मातीला हवा तेव्हा ताण देता येतो, कोकोपीटला ताण देऊन चालत नाही. ते वाळलं की मिठाचा द्राव घट्ट होतो आणि मुळं भाजतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं पाणी लागतं आणि प्रत्येक वेळी त्यात हलकं खत हवंच. दर वेळी जेवढं घालाल त्याचा दहा ते वीस टक्के निचरा खालून बाहेर पडला पाहिजे. हा निचरा ताटलीत साठू देऊ नका, ओतून टाका. पण टाकण्याआधी त्यातलं मीठ मोजा, कसं ते पुढे सांगतो.

पिशव्या भरण्याआधी कोकोपीटच्या विटा धुतल्या होत्या का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नारळाच्या काथ्याच्या भुशात सोडियम आणि पोटॅशियम मुळातच चिकटलेलं असतं. हा भुसा कॅल्शियम-मॅग्नेशियम दिसताच ते धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतो. म्हणून नवी वीट फुलवली की आधी साध्या पाण्यानं धुवायची, मग लिटरला दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवायची आणि परत एकदा धुवायची. लागवड झालेल्या पिशवीत हे करता येत नाही. तिथं हलक्या खताच्या पाण्यानंच भरपूर निचरा काढून पिशवी धुवा, निव्वळ साध्या पाण्यानं नको.

पाण्याचा विषय नीट बघा, कारण तुमचं बोअर हे माझ्या मते यातलं दुसरं मोठं कारण आहे. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतात. बायकार्बोनेटमुळे पीएच (पाणी किती आम्ल किंवा विम्ल आहे त्याचं माप) चढा राहतो आणि लोह उपलब्ध होत नाही. नवी पानं पिवळी पडत असतील तर लोहावर संशय घ्या, जुनी खालची पडत असतील तर मॅग्नेशियमवर. बोअरचं पाणी एकदा माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत देऊन या. उजनीचं नळाचं पाणी बहुधा त्यापेक्षा हलकं असतं. नाहीतरी काही दिवसांआड येतं म्हणून आपण ते साठवतोच, त्यातलं एक पिंप झाडांसाठी ठेवा. आरओचं पाणी बोअरमध्ये निम्मं मिसळलं तरी खूप फरक पडतो. पण आरओचं बाहेर टाकलेलं पाणी, जे बायका बादलीत जपून ठेवतात, ते फरशी पुसायला वापरा. त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात, झाडाला ते अगदी नको.

एक ईसी मीटर (ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) आणि एक पीएच मीटर घ्या, बाकी काही नंतर आणलं तरी चालेल. खत मिसळलेल्या पाण्याचा पीएच ५.८ ते ६.२ ठेवा. कमी करायला फॉस्फरिक आम्ल थेंबाथेंबानं, आणि नेहमी पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही. लिंबूसत्त्वानंही पीएच उतरतो, पण एक-दोन दिवसांत परत चढतो.

खताची माझी बैठक अशी आहे, दहा लिटर हलक्या पाण्याला: कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, १३:०:४५ चार ग्रॅम, ०:५२:३४ दोन ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्य अर्ध्या ग्रॅमच्या आत. डाळिंब आणि द्राक्षवाल्यांमुळे ही सगळी विद्राव्य खतं आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत सुटी मिळतात. याचा ईसी साधारण १.६ येतो. रोपं लहान असताना ते निम्मं करा, फळं भरताना २ पर्यंत न्या आणि एप्रिल-मेमध्ये १.२ वर उतरवा. पाणी जड असेल तर कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट त्या मानानं कमी. घट्ट द्राव करून ठेवायचा असेल तर कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बाटलीत, कारण सल्फेट आणि फॉस्फेटबरोबर त्याचा साका होऊन तळाशी बसतो.

१९:१९:१९ बद्दल अजून एक गोष्ट. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो आणि युरिया ईसी मीटरला दिसतच नाही. मीटर कमी दाखवतो म्हणून माणूस आणखी घालतो. शेतात ते चांगलं खत आहे, कोकोपीटमध्ये त्यावर भिस्त ठेवू नका.

घातलेल्या पाण्याचा ईसी १.६ आणि निचऱ्याचा २ च्या आसपास असेल तर छान चाललंय. निचरा ३ दाखवू लागला तर दोन दिवस ईसी १ चं पाणी जास्त निचरा काढून द्या. तुमच्याकडे आज मोजलं तर मला वाटतं ३ च्या वरच येईल.

लाईट चोवीस तास ठेवू नका. टोमॅटोची पानं सततच्या उजेडात पिवळी डागाळतात, ढोबळीचीही आक्रसतात. १४ तास पुरे. दोन फूट बाय दोन फूट जागेला खरे शंभर वॅट, म्हणजे खोक्यावर छापलेले नाही तर मीटरवर दिसणारे, भरपूर झाले. मोबाइलच्या लक्स अॅपवर शेंड्याशी पंचवीस-तीस हजार लक्स आले की दिव्याची उंची बरोबर. शंभर वॅट १४ तास म्हणजे दिवसाला १.४ युनिट, महिन्याला ४२. घराचं बिल शंभर युनिटच्या कडेला असेल तर वरच्या टप्प्यातला दर लागतो, तेवढं हिशोबात धरा.

शंभर वॅटचा दिवा म्हणजे शेवटी शंभर वॅटची शेगडीच. म्हणून उन्हाळ्यात मी तो संध्याकाळी ६ ला लावतो आणि सकाळी ८ ला बंद करतो, दुपारच्या तापात भर नको. दिवसा पडदे घट्ट. यानं झाड तगतं, हिरवं राहतं, पण मेमध्ये फळाची आशा ठेवू नका. रात्री २४ अंशांच्या वर आणि दिवसा ३२-३५ च्या पुढे ढोबळी फूल टाकते, ते खतानं थांबत नाही. थंडीत दिवा दिवसा चालवा, आपल्या डिसेंबरच्या रात्री तिला मानवतात.

पानं वाकडी होत असतील तर भिंग घेऊन मागची बाजू बघा. कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी (रस शोषणारी बारीक कीड). लाल कोळी असला तर बारीक जाळंही दिसेल. कोरड्या बंद खोलीत कोळी फार लवकर वाढतो. दिवा बंद असताना पानांच्या खालून साध्या पाण्याचा फवारा मारा, दर तीन दिवसांनी, आणि जास्त असेल तर निंबोळी तेल. फुलांवर तेल नको.

या आठवड्यात तुम्ही एवढंच करा: लाईट १४ तासांवर आणा, खिडकी उघडा, काळा डाग आलेली फळं तोडा आणि निचऱ्याचा ईसी मोजून इथं लिहा. करपलेल्या कडा परत हिरव्या होत नाहीत, त्या बघत बसू नका. पंधरा-वीस दिवसांनी शेंड्याला येणारी नवी पानं बघा. आता लावलेल्या झाडांकडून फळ हवं असेल तर जूनमध्ये त्यांची हलकी छाटणी करा. नाहीतर ऑगस्टअखेर नवी रोपं करा, ती नोव्हेंबरपासून फळाला येतात.