पुण्यात राहून जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा छंद परवडतो का? पहिली गाडी घेताना काय बघावं?

छंद म्हणून परवडतो, धंदा म्हणून नाही. तुम्ही विचारलंय की थोडे पैसे बाजूला टाकलेत, एखादी पद्मिनी नाहीतर अँबॅसडर घ्यायची, दोन-चार वर्षं हौस भागवायची, मग ती विकून दुसरी काहीतरी घ्यायची, असं नोकरी सांभाळून जमतं का. मी बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे जमतं हे नक्की सांगू शकतो. फक्त गाडी घेताना आधी कागद बघा, मग पत्रा बघा, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. नवीन माणूस बरोब्बर उलटं करतो, सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात चालू झाली, की लगेच टोकन देऊन मोकळा होतो.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, कार्बोरेटर, कुठे कसली इलेक्ट्रॉनिक्स नाही. जुना मिस्त्री ते डोळे मिटून उघडतो, लेथवाल्याकडे ब्लॉक बोअर होतो (झिजलेले सिलिंडर थोडे मोठे घासून घेतात), त्यात बसणारे ओव्हरसाइझ पिस्टन शोधले की मिळतात. म्हणजे इंजिन बंद असलेली गाडी ही भाव करायला चांगली गाडी असते. पत्रा सडला असेल तर मात्र डेंटरकडे गाडी महिनोन् महिने पडून राहते आणि बिल कुठे जाऊन थांबेल ते तो स्वतःपण सांगू शकत नाही. आणि कागद नसतील तर पैसे असूनही काही उपयोग नाही.

आता पुण्यात या गाड्या येतात कुठून, तर हल्ली मोठा भाग रीडेव्हलपमेंटमधून येतो. प्रभात रोड, एरंडवणे, मॉडेल कॉलनी, तिकडच्या जुन्या बंगल्यांच्या गॅरेजमध्ये आजोबांची गाडी ताडपत्रीखाली उभी असते, बंगला बिल्डरकडे जातो आणि मग अचानक ती गाडी हलवावी लागते. घरच्यांना पैशापेक्षा गाडी चांगल्या हातात जावी असं मनापासून वाटत असतं. अशा घरी जाऊन पहिल्याच दमात भाव पाडायला जाऊ नका, बसा, चहा घ्या, गाडीचा इतिहास विचारा, त्यातूनच तुम्हाला कळतं की गाडी कधी अपघातात होती का, किती वर्षं उभी आहे, पावसाळ्यात गॅरेज गळतं का. जाहिरातीतल्या "पारशी बावाची गाडी, जीवापाड जपलेली" या वाक्यावर मात्र जाऊ नका. कॅम्पात तशा खरोखर जपलेल्या गाड्या आहेत, पण त्या बहुतेक ओळखीतच विकल्या जातात.

घोडं अडतं ते कागदावर. आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, मुलं तीन, त्यातला एक अमेरिकेत. अशा वेळी गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती. हे विकणाऱ्यानेच करून द्यायचं, त्याआधी पूर्ण पैसे देऊ नका. मग तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. दुसरी गोष्ट म्हणजे एमएच-१२ च्या आधीचे जे तीन अक्षरी जुने नंबर आहेत त्यातल्या पुष्कळ गाड्यांची नोंद ऑनलाइन दिसतच नाही, संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी ओरिजिनल आरसी बुक लागतं, झेरॉक्सवर काम होईल या भरवशावर राहू नका. बुकातला चेसिस नंबर आणि गाडीवर पंच केलेला नंबर स्वतः ताडून बघा. ग्रीस पुसायचं, वर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची, आकडे उमटतात, आरटीओतही हाच पेन्सिल प्रिंट मागतात. एखादा आकडा घासलेला किंवा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या वळणाचा वाटला तर सरळ नमस्कार करून बाहेर पडा.

पत्रा बघायला मी खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवतो, रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून पातळ फडक्यात गुंडाळलेलं. दरवाजावर मधोमध लावलं की घट्ट बसतं, तेच दरवाजाच्या खालच्या काठाला, चाकांच्या वरच्या कमानीला, दरवाजाखालच्या पट्टीला नेल्यावर घसरायला लागलं, तर तिथे पत्रा नाही, लांबी (डेंटर खड्डे बुजवायला वापरतात ते पुटी) भरलेली आहे. बोटाच्या पेरानं वाजवून बघा, पत्रा टणटण वाजतो, लांबी बद्द वाजते. मग मॅट उचला, फ्लोअर बघा, डिकीत स्टेपनी काढून तिच्याखाली हात फिरवा. आणि शेवटी जॅक लावून एक बाजू थोडी उचला आणि त्या बाजूचा दरवाजा उघडबंद करून बघा. पद्मिनी काय, अँबॅसडर काय, दोघींना वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे खालून गंजलेली असेल तर बॉडी वाकते आणि दरवाजा अडतो. इतकं बघायला अर्धा तास लागतो, आणि मालक जर हे करू देत नसेल तर तेच उत्तर समजा. मुंबईच्या गाडीला खारा वारा लागलेला असतो, तिथली गाडी बघताना हे सगळं दुप्पट बारकाईनं बघा.

पन्नास वर्षं झालेल्या गाडीबद्दल बरेच गैरसमज आहेत म्हणून थोडं सविस्तर लिहितो. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि पुन्हा नोंदणीची ५,०००. नवीन नंबर घेतला तर त्यात राज्याच्या कोडनंतर व्हीए ही अक्षरं येतात, आधीपासून भारतात नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, जुन्या नंबरवर जीव असलेल्यांनी हे लक्षात ठेवा. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामांसाठी रस्त्यावर आणायची. म्हणजे तुम्हाला दर रविवारी मुळशीला चक्कर मारायची असेल तर माझ्या मते साधी नोंदणीच ठेवा, दर पाच वर्षांनी पासिंग करा, पर्यावरण कर भरा. एजंट लोक व्हीए नंबरची फार भलावण करतात, त्यांचं ऐकून घाई करू नका.

पार्टचं म्हणाल तर पद्मिनीला इतकी वर्षं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तारलं. टॅक्सी होत्या म्हणून पार्ट बनत होते, दुकानदार माल ठेवत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, आता आहे तो साठा संपत चाललाय, म्हणून दिसेल तेव्हा घेऊन ठेवा. नाना पेठेत आधी विचारा, बुधवार-रविवार जुन्या बाजारात चक्कर मारा (सकाळी लवकर, नऊनंतर चांगला माल राहत नाही), कुर्ल्याला जाऊन या. अँबॅसडर २०१४ पर्यंत बनत होती त्यामुळे तिचं सोपं आहे, आणि अडलंच तर कोलकात्याचा मल्लिक बाजार आहे. काचा, बीडिंग (काचेभोवतीच्या पट्ट्या), क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्डचे मीटर, हे मिळणं सगळ्यात अवघड, इंजिनच्या पार्टपेक्षा कितीतरी अवघड, त्यामुळे गाडी घेताना या वस्तू जागेवर आहेत का ते मोजून बघा. आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फुगतो, चिरतो, गाडी घेतली की हे आधी बदला आणि उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका, इथेनॉल पाणी धरतं आणि टाकी आतून गंजते.

पैशाचं गणित विचारलंत. मोडकी गाडी स्वस्तात घेऊन पूर्ण रिस्टोअर करायची आणि नफ्यात विकायची हे पद्मिनी-अँबॅसडरमध्ये सहसा होत नाही, डेंटिंग-पेंटिंग आणि क्रोमचा खर्चच विक्रीच्या किमतीच्या वर जातो. म्हणून ज्याने आधीच मन लावून खर्च केलाय आणि आता जागेअभावी किंवा बदलीमुळे विकतोय त्याची गाडी घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. अशी गाडी चार वर्षं वापरून विकली तर बहुतेक वेळा घातलेले पैसे परत येतात.

विकताना गिऱ्हाईक पैसे मोजतं ते ओरिजिनलपणाचे. अलॉय व्हील, मोठा म्युझिक सिस्टीम, भडक मेटॅलिक रंग, हे तुमच्या हौसेचं असतं, पुढच्याच्या नाही. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट, अगदी फाटकं सीट कव्हरसुद्धा, खोक्यात ठेवा आणि गाडीबरोबर द्या, कामाची बिलं आणि फोटोही ठेवा. आणि ट्रान्सफर झाल्याशिवाय गाडी जाऊ देऊ नका. "नंतर नावावर करून घेतो" म्हणणारा कितीही सज्जन असला तरी नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर नुकसानभरपाई त्याच्याच गळ्यात.

पहिली गाडी म्हणून मी पद्मिनी सुचवेन, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावते आणि तिचं काम येणारे मिस्त्री पुण्यात अजून आहेत. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड मला स्वतःला सगळ्यात देखणी वाटते, आख्खं बॉनेट पुढे उघडतं ते बघत राहावं, पण तिचे पार्ट शोधताना नाकी नऊ येतात, ती दुसरी-तिसरी गाडी म्हणून घ्या. पार्किंग झाकलेलं नसेल तर मात्र आधी त्याची सोय करा, गाडी मग बघा, पुण्यातला एक पावसाळा उघड्यावर काढला तरी चांगला पत्रा फुगायला लागतो.