रेअर अर्थमध्ये करिअर करायचंय? खाणीच्या पुढे पाहा

सप्रेम नमस्कार,

मुलगी बारावी सायन्सला आहे, रेअर अर्थच्या (शक्तिशाली चुंबकांना लागणाऱ्या धातूंच्या) बातम्या वाचून तिने भूविज्ञान घ्यायचं ठरवलंय आणि ‘ही हवा चार वर्षांत ओसरली तर?’ अशी तुम्हाला धास्ती आहे. क्षेत्र तिने बरोबर हेरलंय. शाखेचा मात्र फेरविचार करावा.

घोडं अडतंय ते खनिज शोधण्यात नाही. अमेरिकेतली माउंटन पास खाण पुन्हा सुरू झाली, तरी तिथलं सांद्रित (माती-दगड काढून घट्ट केलेलं) खनिज कित्येक वर्षं प्रक्रियेसाठी चीनलाच जात होतं. चुंबकनिर्मितीत चीनचा वाटा नव्वद टक्क्यांच्या घरात आहे. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला आणि जगभरच्या वाहन कारखान्यांची धावपळ उडाली. त्या सातांत डिस्प्रोशियम, टर्बियम आणि समेरियम होते. पहिली दोन चुंबकाला उष्णतेत टिकवून धरतात. समेरियम-कोबाल्टची चुंबकं क्षेपणास्त्रांत वापरतात. संरक्षण खात्यांना घोर लागतो तो यामुळे.

खरं कसब विलगीकरणात, म्हणजे ही मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करण्यात आहे. चुंबकांना लागणारी निओडिमियम आणि प्रेझिओडिमियम ही मूलद्रव्यं रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी की एका टप्प्यात ती जेमतेम वेगळी होतात. म्हणून मिक्सर-सेटलरच्या (दोन द्रव ढवळून पुन्हा थरांत वेगळे होऊ देणाऱ्या) शेकडो टाक्या ओळीने लावतात; आम्लातले आयन केरोसीनमध्ये विरघळवलेल्या निष्कर्षक रसायनाकडे ओढले जातात. आम्लता थोडी ढळली की शेजारचं मूलद्रव्य मिसळतं. दोन थरांमध्ये गाळाचा चिकट पट्टा साचला तर ते सुटे होत नाहीत. साखळी स्थिरावायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चूक हाती लागते तीही उशिरा. पुढे चुंबकासाठी मिश्रधातू तीन ते पाच मायक्रॉनपर्यंत दळतात. ही पूड हवेत पेट घेऊ शकते, आणि ऑक्सिजन शिरला तर चुंबक कमजोर निघतो. हे हाताखाली काम करूनच येतं. अशी माणसं चीनबाहेर कमी आहेत.

तेव्हा केमिकल किंवा मेटलर्जी इंजिनिअरिंग पाहा. नाहीतर रसायनशास्त्रात बीएस्सी आणि पुढे अकार्बनी किंवा विश्लेषणात्मक रसायनात एमएस्सी. दगडांचीच ओढ असेल तर भूविज्ञान जरूर घ्यावं, पण प्रक्रिया-खनिजशास्त्राकडे वळावं: मूलद्रव्य मोनाझाइट या खनिजात आहे की बॅस्टनेसाइटमध्ये, सोबत किरणोत्सर्गी थोरियम किती, यावर कारखान्याची सगळी आखणी ठरते. थोरियममुळे किरणोत्सर्ग सुरक्षेचं प्रशिक्षणही उपयोगी पडतं.

तुमची धास्ती अनाठायी नाही. 2011 मध्ये भाव भडकले, मग कोसळले, आणि 2015 मध्ये माउंटन पास चालवणाऱ्या मॉलिकॉर्पने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणून नुसत्या ‘रेअर अर्थ’ नावाची पदवी मी सुचवणार नाही. द्रावक निष्कर्षण, म्हणजे वर सांगितलेली टाक्यांची पद्धत, तांबे, निकेल, कोबाल्टलाही लागते. बॅटरी पुनर्चक्रणातही हीच माणसं हवी असतात.

प्रवेशाआधी दोन गोष्टी करा. आयनिक समतोलाचं प्रकरण तिला मनापासून आवडतं का, ते पाहा. पुढचं बरंचसं काम त्याच जातीचं आहे. आणि महाविद्यालयात विचारा: आयसीपी यंत्र (नमुन्यात कोणतं मूलद्रव्य किती ते मोजणारं) आणि निर्वात भट्टी विद्यार्थ्यांना स्वतः हाताळायला मिळते, की काचेपलीकडूनच दाखवतात?