मिलिस शून्यावर आला, पंप अडकला

अरे, आर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) चालणारा तुझा पंप ४९ दिवसांनी अडकला म्हणून लगेच बोर्ड बदलू नकोस. आर्डुइनोचा मिलिस काउंटर, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा आकडा, ३२ बिटांचा असतो. ४,२९,४९,६७,२९५ मिलिसेकंदांपर्यंत गेला की पुन्हा शून्यापासून सुरू, म्हणजे साधारण ४९ दिवस १७ तासांनी. त्यात बिघाड काही नाही, घोळ तुझ्या कोडमधल्या वेळेच्या तुलनेत आहे. 'आत्ता अधिक अंतर' (अंतर म्हणजे किती वेळाने काम करायचं तो कालावधी) अशी पुढची वेळ साठवून ती उलटली का असं तपासलंस की फसलास. आत्ताच्या वेळेतून मागची वेळ वजा कर आणि फरक अंतराएवढा झाला का तेवढंच बघ. काउंटर शून्यावर आला तरी ही वजाबाकी बरोबर येते. वेळ साठवणारे व्हेरिएबल मात्र अनसाइन्ड लाँगच (३२ बिटांचा, ऋण आकडे नसलेला पूर्णांक प्रकार) हवेत. उनो या आर्डुइनो बोर्डावर साधा इंट (लहान पूर्णांक प्रकार) १६ बिटांचा, अर्ध्या मिनिटात भरतो!

चाचणीसाठी पन्नास दिवस कोण थांबणार? मिलिसच्या आकड्यात ४,२९,४९,००,००० मिळवून कोड चालव, मिनिटभरात निकाल कळेल.

काउंटर भरण्याआधीच दर महिन्याला बोर्ड रिस्टार्ट करायचा उपायही आहे, पण मला तो पटत नाही. अर्थात २०१५ मध्ये बोइंग ७८७ विमानाच्या जनरेटर नियंत्रकांसाठी अमेरिकी विमान प्रशासनाने आधी असाच, ठराविक काळाने वीज बंद करून सुरू करायचा उपाय सांगितला होता. तिथला काउंटर सलग २४८ दिवसांनी भरत होता.