वाचकांचे प्रश्न : प्रदूषण नियंत्रण मंडळात कोणाच्या हातात काय?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कारभाराबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : आमच्या गावच्या नाल्याला आठवड्यातून दोन-तीनदा लाल, उग्र वासाचे पाणी येते. मंडळाच्या अध्यक्षांना मुंबईला रजिस्टर पत्र पाठवले, त्याला महिने उलटले. तक्रार नेमकी करायची कोणाकडे? – एक वाचक, चिपळूण तालुका

अध्यक्षांना पाठवलेले पत्रही शेवटी फिरून तुमच्याच जिल्ह्यात येते. फक्त तोवर पाणी वाहून गेलेले असते. म्हणून सुरुवात खालून करावी.

मंडळाची उतरंड अशी आहे. सगळ्यात खाली क्षेत्र अधिकारी. कारखान्यात जाणारा, नमुना घेणारा, पाहणी अहवाल लिहिणारा माणूस हाच. त्याच्यावर उपप्रादेशिक अधिकारी. अशी कार्यालये राज्यात चाळीसच्या वर आहेत. त्यांच्यावर बारा प्रादेशिक कार्यालये : मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याण, रायगड, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर आणि चंद्रपूर. सगळ्यात वर शीवचे मुख्यालय. तिथे पाणी आणि हवा यांसाठी वेगवेगळे सहसंचालक, शिवाय विधी आणि लेखा विभाग, आणि या सर्वांच्या डोक्यावर सदस्य सचिव.

या कार्यालयांच्या हद्दी महसूल विभागांप्रमाणे नाहीत, आणि इथे पुष्कळ लोक चुकतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हे कोकणात असले तरी मंडळाच्या लेखी कोल्हापूर प्रादेशिक कार्यालयाखाली येतात. तुमची तक्रार चिपळूणच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांच्या नावे हवी, एक प्रत कोल्हापूरच्या प्रादेशिक अधिकाऱ्यांना आणि एक सदस्य सचिवांना. तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी पाठवा आणि कोणाकोणाला प्रत दिली ते पत्राखाली लिहा. वरच्या कार्यालयाला माहिती आहे हे दिसले की खालची फाइल लवकर हलते.

पत्रात ‘प्रदूषण होते, कारवाई करावी’ एवढेच लिहिले तर क्षेत्र अधिकारी दुपारी बाराला येतो, स्वच्छ नाला बघतो आणि ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही’ असा शेरा मारतो. म्हणून निदान दोन आठवड्यांची नोंद जोडा : तारीख, पाणी कधी सुरू झाले आणि कधी थांबले, रंग, वास, फेस, मासे मेले का, आदल्या दिवशी पाऊस होता का. नाल्याला पाणी जिथे मिळते ती जागा आणि तिच्या वरच्या अंगाला जिथे पाणी स्वच्छ आहे ती जागा, दोन्ही ठिकाणचे फोटो मोबाइलचे लोकेशन चालू ठेवून काढा. वरचे पाणी स्वच्छ आणि खालचे लाल असेल, तरच दोष मधल्या तोंडावर ठेवता येतो. पाणी रात्रीच सुटत असेल तर तसे ठळक लिहा आणि रात्रीच्या पाहणीची मागणी करा. टँकरने ओतत असतील तर टँकरचा क्रमांक हवाच.

प्रश्न : अध्यक्ष मोठे की सदस्य सचिव? राजकीय नेमणूक होते असे ऐकतो, ते कायद्यात बसते का? – पुणे

मंडळ स्थापन झाले ७ सप्टेंबर १९७० रोजी, राज्याच्या १९६९ च्या जलप्रदूषण कायद्याखाली. केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. तो महाराष्ट्राने १ जून १९८१ पासून स्वीकारला आणि मंडळाची रचना त्याच्या कलम ४ प्रमाणे झाली. हवेच्या १९८१ च्या कायद्यासाठीही हेच मंडळ काम करते.

कलम ४ प्रमाणे मंडळ जास्तीत जास्त सतरा जणांचे. एक अध्यक्ष, शासनाचे पाचपर्यंत अधिकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांतले पाचपर्यंत सदस्य, शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार अशा क्षेत्रांचे तीनपर्यंत अशासकीय प्रतिनिधी, राज्याच्या मालकीच्या कंपन्या-महामंडळांचे दोन प्रतिनिधी आणि एक सदस्य सचिव. सदस्यांची मुदत तीन वर्षे, बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा. या तीन अशासकीय जागांवर कोण बसले आहे याची चौकशी शेतकरी आणि मच्छीमार संघटनांनी जरूर करावी. ही तरतूद त्यांच्यासाठीही आहे.

अध्यक्ष पूर्णवेळ असलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, सदस्य सचिव मात्र पूर्णवेळच हवा. धोरण, अंदाजपत्रक, मोठे ठराव हे मंडळाचे आणि अध्यक्षांचे काम. रोजचा कारभार, कर्मचारी, नोटिसा आणि बंदचे आदेश यांची सूत्रे सदस्य सचिवांकडे. काही अधिकार त्यांच्याकडून प्रादेशिक आणि उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना दिलेले असतात, उदाहरणार्थ ठराविक भांडवली गुंतवणुकीपर्यंतच्या उद्योगांना संमतीपत्र, म्हणजे चालवण्याचा परवाना, देणे. त्याहून मोठ्या गुंतवणुकीचे प्रस्ताव मुख्यालयातल्या समित्यांपुढे जातात.

नेमणुकीबद्दल. अध्यक्षाला पर्यावरण संरक्षणाचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव हवा, अशा संस्थांच्या प्रशासनाचा अनुभवही चालतो. सदस्य सचिवाला प्रदूषण नियंत्रणाच्या वैज्ञानिक, अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापकीय अंगांची पात्रता हवी. राजकीय व्यक्तीला थेट मनाई नाही, पण पात्रतेची अट सर्वांनाच आहे. ही अट अनेक राज्यांत कागदावरच राहते, असे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. लवादाने २०१६ मध्ये नेमणुकांबद्दल कडक निर्देश दिले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये तो आदेश अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर बाजूला ठेवला, परंतु सर्व राज्यांनी सहा महिन्यांत पात्रतेचे नियम करावेत, असेही सांगितले. आमचे मत स्पष्ट आहे : सचिवपद सतत बदलीवर किंवा अतिरिक्त कार्यभारावर राहिले की त्या काळात अवघड फायली कोणी उघडत नाही. अध्यक्ष कोण, यापेक्षा सदस्य सचिव किती काळ टिकला याकडे लक्ष द्या.

प्रश्न : आमच्यासमोर नमुना घेतला. पाणी काळेकुट्ट होते. अहवाल ‘मर्यादेत’ आला. हे कसे शक्य आहे? – सोलापूर जिल्हा

शक्य आहे, आणि दर वेळी त्यात लबाडीच असते असेही नाही. नमुना हा या सगळ्या यंत्रणेचा पाया आहे. तो कच्चा राहिला तर वरच्या कोणत्याही सहीला किंमत उरत नाही.

पहिली गोष्ट, नमुना कुठून घेतला. कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या शेवटच्या टाकीच्या तोंडाशी घेतला तर तो बहुधा चांगलाच येतो. तुम्ही पाहिलेले काळे पाणी बायपास पाइपातून येत असेल तर नमुना त्या पाइपाच्या तोंडाशी हवा. अहवालावर ‘नमुन्याचे ठिकाण’ असा रकाना असतो, तो आधी वाचा.

दुसरी गोष्ट, काय तपासले. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानके अशी : सामू (पीएच) ५.५ ते ९, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (तीच घाण रसायनांनी मोडायला लागणारा प्राणवायू) २५०, तरंगते घनपदार्थ १००. रंगासाठी मात्र सगळीकडे असा पक्का आकडा नसतो. त्यामुळे काळे पाणी आकड्यांत बसू शकते. उलट सोडण्याआधी त्यात साधे पाणी मिसळले असेल तर सगळेच आकडे खाली येतात. तो संशय असेल तर विरघळलेल्या क्षारांची तपासणी आणि पाण्याच्या मीटरची नोंद मागा.

तिसरी गोष्ट वेळ आणि थंडावा. बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते, आणि नमुना बर्फात, चार अंशांच्या आसपास ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत लावावा लागतो. उन्हात जीपमध्ये राहिलेल्या कॅनमधले जिवाणू वाटेतच सेंद्रिय पदार्थ खातात आणि आकडा खोटा कमी येतो. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून सामू दोनच्या खाली आणावा लागतो. विरघळलेला प्राणवायू बघायचा तर तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत, बुडबुडा न राहू देता, जागेवरच रसायने घालून तो बांधून ठेवावा लागतो. सामू आणि तापमान तर नाल्याकाठीच मोजायचे. मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईत महापेला आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, ठाणे, चिपळूण, चंद्रपूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर आहे. नमुना घेतल्याची वेळ आणि प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ यांत किती तास गेले, हे अहवालासोबतच्या नोंदीत पाहा.

चौथी गोष्ट कायद्याची. रोजच्या देखरेखीत कारखान्याच्या प्रतिनिधीसह जो नमुना घेतात त्याला मंडळात ‘जेव्हीएस’ म्हणतात. नोटीस देण्यासाठी, अटी पाळण्यासाठी कारखान्याकडून घेतलेली बँक हमी जप्त करण्यासाठी तो उपयोगी. खटला भरायचा असेल तर जल कायद्याच्या कलम २१ ची पद्धत पाळावी लागते : जागेवर लेखी सूचना, कारखानदाराच्या समोर नमुन्याचे दोन भाग, दोन्ही बाटल्यांवर खूण, सील आणि दोघांच्या सह्या. कारखानदार मुद्दाम गैरहजर राहिला तर अधिकारी एकट्याच्या सहीने नमुना पाठवू शकतो, पण ती गैरहजेरी विश्लेषकाला लेखी कळवावी लागते. यातली एक पायरी गळली की तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. खटले बहुतेकदा इथेच पडतात, रसायनशास्त्रात नाही.

क्षेत्र अधिकाऱ्यांवर कामाचा डोंगर असतो, हेही लक्षात घ्यावे. देशभरातल्या प्रदूषण मंडळांत जवळपास निम्मी पदे रिकामी असल्याची आकडेवारी २०२४ मध्ये हरित लवादापुढे आली होती.

प्रश्न : बंदचा आदेश निघाला, पेपरात बातमी आली, आणि काही दिवसांत कारखाना परत सुरू! – तारापूर परिसर

क्रम समजून घ्या. आधी कारणे दाखवा नोटीस. मग प्रस्तावित निर्देश, ज्यावर हरकत घेण्यासाठी किमान पंधरा दिवस द्यावे लागतात. मग जल कायद्याच्या कलम ३३अ खाली बंदचा आदेश, आणि त्याची प्रत वीज कंपनीला व एमआयडीसीला, जोडण्या तोडण्यासाठी. पर्यावरणाला गंभीर धोका असेल तर कारणे नोंदवून मधला टप्पा वगळता येतो. जोडणी प्रत्यक्षात तुटली का, हे तुम्ही विचारायला हवे. आदेश निघाला आणि वीज चालूच राहिली असे होते.

पुन्हा सुरू होणे बेकायदा नसते. कारखानदार सुधारणा केल्याचे कळवतो, क्षेत्र अधिकारी पाहणी करतो आणि मंडळ बँक हमी घेऊन सशर्त परवानगी देते. तुम्ही मागायचे कागद दोन : पुन्हा सुरू करण्याचा आदेश, आणि त्यातली प्रत्येक अट पुरी झाल्याचा पाहणी अहवाल. अट अशी असते की प्रक्रिया केंद्राला स्वतंत्र वीजमीटर हवा. त्याच्या महिन्याच्या युनिटची एमआयडीसीच्या पाणीबिलाशी तुलना करा. पाणी भरपूर आणि प्रक्रिया केंद्राचे युनिट नगण्य असतील तर केंद्र बंद ठेवले जाते, हे दुसऱ्या पुराव्याशिवाय दिसते.

आदेशाविरुद्ध कारखानदार हरित लवादात जाऊ शकतो. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रदूषण मंडळे कलम ३३अ खाली नुकसानभरपाईही वसूल करू शकतात, मात्र त्यासाठी आधी नियम व्हायला हवेत.

प्रश्न : डीजे आणि कचरा डेपोबद्दल मंडळ दाद देत नाही. – नाशिक

डीजे थांबवणे पोलिसांचे काम. मंडळ सणांच्या काळात आवाज मोजते, इतकेच. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. कचरा उचलणे, वेगळा करणे महापालिकेचे. डेपोला परवानगी देणे आणि पालिकेला नोटीस काढणे मंडळाचे. मोठ्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरीही मंडळ देत नाही. ती राज्यस्तरीय प्राधिकरण किंवा केंद्र सरकार देते. मंडळ फक्त जनसुनावणी भरवते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो.

प्रश्न : गोव्यातही हीच पद्धत का? – म्हापसा

कायदा तोच, त्यामुळे अध्यक्ष, सदस्य सचिव, कलम २१, कलम ३३अ सगळे सारखे. मंडळ स्वतंत्र आहे, कार्यालय साळगावला. सीमेवरच्या नदीत महाराष्ट्राच्या बाजूने पाणी सोडले जात असेल तर दोन्ही मंडळांना पत्र द्या आणि केंद्रीय मंडळाला प्रत पाठवा. राज्य मंडळांचा समन्वय साधणे आणि त्यांच्यातले वाद सोडवणे हे केंद्रीय मंडळाचे कायदेशीर काम आहे.

प्रश्न : सगळे करून झाले. आता आम्ही स्वतः न्यायालयात जाऊ शकतो का? – महाड

होय. त्याआधी कागद गोळा करा. जल कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते आणि त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कोणालाही ती कार्यालयीन वेळेत बघता येते. संमतीपत्रात रोज किती घनमीटर सांडपाणी, कुठे सोडायचे, कोणते उत्पादन किती टन, हे लिहिलेले असते. बाकी कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावून, प्रादेशिक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून नमुन्यांचे अहवाल एका अर्जात आणि नोटिसा-बँक हमी दुसऱ्या अर्जात मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील.

जल कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे कोणीही नागरिक मंडळाला किमान साठ दिवसांची नोटीस देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतो. नोटिशीत गुन्हा कोणता आणि तक्रार करण्याचा तुमचा इरादा, दोन्ही लिहिलेले हवे; दुसरे वाक्य राहिले तर नोटीस धरली जात नाही. तक्रार दाखल झाल्यावर मागणी केली की मंडळाला आपल्याकडचे अहवाल तुम्हाला द्यावे लागतात, सार्वजनिक हिताला बाध येत असेल तेवढाच अपवाद. दंडाच्या तरतुदी अलीकडे बदलल्या आहेत आणि काही प्रकरणे आता न्यायालयाऐवजी निर्णय अधिकाऱ्याकडे जातात; तुमचा प्रसंग कशात मोडतो ते नोटीस काढण्याआधी वकिलाला दाखवा. साठ दिवस मंडळाच्या आवक शिक्क्याच्या तारखेपासून मोजा, आणि शिक्का असलेली प्रत तक्रारीला जोडा.