एखाद्या गोष्टीवर ठाम विश्वास असणं ही ताकद आहे की धोका?

दोन्ही. आणि गंमत म्हणजे आतून दोन्ही अगदी सारखंच वाटतं, खरी अडचण तिथेच आहे.

ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांचं म्हणणं होतं की पोटातल्या अल्सरचं कारण जिवाणू आहे. बहुतेक तज्ज्ञ ताणतणाव आणि आम्लाला दोष देत होते. 1984 मध्ये मार्शल त्या जिवाणूंचं द्रावण स्वतःच प्यायले, आजारी पडले, पोटाच्या अस्तराला सूज आली. 2005 मध्ये त्यांना सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं. एवढा हट्ट नसता तर ते केव्हाच गप्प बसले असते.

आता उलट बाजू. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ रेने ब्लाँडलो यांनी 1903 मध्ये 'एन-किरण' नावाचे नवेच किरण शोधल्याचं जाहीर केलं. इतरही अनेकांना ते 'दिसू' लागले! 1904 मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड ब्लाँडलो यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि अंधारात उपकरणातला प्रिझम (किरण वळवणारा, ज्याच्याशिवाय ती निरीक्षणं यायलाच नको होती) हळूच काढून घेतला. तरी निरीक्षणं पूर्वीसारखीच येत राहिली. किरण नव्हतेच. ब्लाँडलो लबाड नव्हते, हे मला जास्त भीतीदायक वाटतं.

मार्शल यांनी आपलं मत अशा जागी नेलं जिथे ते खोटं ठरू शकत होतं. ब्लाँडलो यांचा पुरावा त्यांच्याच डोळ्यांवर अवलंबून होता.

म्हणून मी स्वतःला एकच विचारतो: काय दिसलं तर मी हे मत सोडेन? उत्तर 'काहीही नाही' असं आलं, की त्या मतावर पैसा, तब्येत किंवा नाती पणाला लावत नाही. (राजकारणाच्या बाबतीत हे मला अजून नीट जमत नाही, कबूल.)