हुआराझला उतरल्या उतरल्या डोंगर चढू नकोस

पेरू देशातल्या सांताक्रूझ ट्रेकसाठी मे ते सप्टेंबरचा कोरडा मोसम निवडलास, उत्तम. पण तिथलं हुआराझ शहरच साधारण ३,०५० मीटरवर आहे आणि ट्रेकमधली पुंता उनियोन खिंड ४,७५० मीटरवर. कळसूबाई १,६४६ मीटर, तेव्हा सह्याद्रीतल्या सवयीवर जाऊ नकोस. आधी दोन-तीन दिवस हुआराझलाच मुक्काम कर, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय होईल.

जोडीदाराशी निघण्यापूर्वीच ठरव: एकाचंही डोकं ठणकलं, मळमळलं तर वर चढायचं नाही, तोल जायला लागला तर दोघांनी लगेच खाली उतरायचं. माझ्या मित्राने दोन तास त्रास लपवला होता. बुटाची नाडी बांधताना त्याची बोटं चुकायला लागली, तेव्हा कुठे मला कळलं. म्हणून हळू चालणाऱ्याला पुढे, नजरेसमोर ठेव. तंबू-स्टोव्ह वाटून घ्या, पण पाणी आणि गरम कपडे ज्याचे त्याच्याच पाठीवर.