पोटात पाणी झालं, पण शिरा पाहिल्या का?

चोपडा तालुक्यातून एक भाऊ लिहितात : डॉक्टर ताई, नमस्कार. माझी बहीण चोवीस वर्षांची, शिरपूरकडे दिली आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं पोट फुगायला लागलं, पायांवर सूज आली. आधी अंगारे-धुपारे झाले. मग एका दवाखान्यात सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. पोट काही उतरलं नाही. आई रडत सगळ्यांना सांगते, 'पोटमा पानी भरी गयं.' लोक विचारतात, पोरगी दारूला शिवत नाही, मग लिव्हर कसं बिघडलं? आता जळगावला डॉपलर, म्हणजे शिरांमधलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, केलं, त्यात 'बड-चिअरी सिंड्रोम' आलं. रिपोर्ट सोबत जोडला आहे. हे काय असतं? मुंबईला न्यावं लागेल का? सासू म्हणते, हिला आता मूल होणार नाही, माहेरीच ठेवा.

उत्तर : दादा, रिपोर्ट पाठवलात हे फार चांगलं केलंत, कारण पुढचं सगळं त्यातल्या चार ओळींवर ठरणार आहे. उजवी हिपॅटिक व्हेन, म्हणजे लिव्हरमधलं रक्त बाहेर नेणारी शीर, दिसत नाही. मधली आणि डावी एकत्र येऊन आयव्हीसीला, म्हणजे हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला, जिथे मिळतात तिथे साधारण एक सेंटिमीटरचा भाग अरुंद आहे. कॉडेट लोब, म्हणजे लिव्हरचा मागचा लहान भाग, वाढलेला आहे. आयव्हीसी मोकळी आहे, पण तिच्यावर या वाढलेल्या लोबचा दाब आहे.

लिव्हरमध्ये आलेलं रक्त बाहेर पडायला मुख्य तीन शिरा असतात. त्या गुठळीने किंवा पडद्याने बंद झाल्या की रक्त आत तुंबतं, लिव्हर सुजतं, दुखतं आणि पोटात पाणी पाझरू लागतं. साक्रीकडे पांझरा नदीच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या शेतात, खालची वाट बुजली की वरचं वावर चिबडतं, तसंच हे. कॉडेट लोबच्या लहान शिरा मात्र थेट आयव्हीसीत उघडतात, म्हणून तो भाग तग धरतो आणि वाढतो. तुमच्या बहिणीच्या पायांवर सूज का आली, तेही यातून कळतं : वाढलेला लोब आयव्हीसी दाबतो आहे. इंग्लंडच्या जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये आणि ऑस्ट्रियाच्या हान्स चिअरी यांनी १८९९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. दारूचा इथे काही संबंध नाही. गावात कुणी विचारलं तर हे ठामपणे सांगा. तिच्यावर नसता ठपका नको.

आता टीबीबद्दल. आपल्याकडे टीबी भरपूर आहे, त्यामुळे पोटातलं पाणी दिसलं की तो आधी आठवणं साहजिक आहे. पण सुईने थोडं पाणी काढून तपासल्याशिवाय महिनोन् महिने औषध देत राहणं मला मान्य नाही. त्याच दिवशी रक्तातलं आणि पाण्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मोजायचं आणि वजाबाकी करायची. फरक १०० मिलिलिटरमागे १.१ ग्रॅम किंवा जास्त आला तर पाणी बहुधा शिरांमधल्या वाढलेल्या दाबाचं असतं. पोटाच्या टीबीत तो सहसा कमी येतो. फरक जास्त, आणि शिवाय पाण्यातलं प्रथिन २.५ ग्रॅमच्या वर असेल तर हृदयाची इको आणि हिपॅटिक व्हेनचं डॉपलर, दोन्ही हवंच. तुमच्या कागदांत पाण्याचा रिपोर्ट मला दिसला नाही. तो झाला नसेल तर आता करून घ्या. टीबीच्या गोळ्या मनाने बंद करू नका, पण पोटविकारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत विचारा की त्या खरंच लागणार आहेत का. यातल्या काही गोळ्या लिव्हरला त्रास देऊ शकतात, आणि रिफाम्पिसिन चालू असताना रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा गुण नीट येत नाही. म्हणून हा निर्णय लांबवता येणार नाही.

माझ्याकडे पोटात पाणी झालेलं कुणी आलं की मी त्यांना उभं करते आणि पाठ बघते. आयव्हीसी अडली असेल तर कुशीवर आणि पाठीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा उठतात. नाभीच्या खाली अशी शीर दिसली की तिच्यावर दोन बोटं शेजारी ठेवायची, एक बोट सरकवून मधलं रक्त रिकामं करायचं, मग फक्त खालचं बोट उचलायचं. शीर खालून वर झरझर भरली तर रक्त उलट्या दिशेने वाट शोधतंय. याला यंत्र लागत नाही, खर्च नाही. पण पेशंटला आडवं ठेवूनच पोट चाचपलं तर पाठ बघायची राहून जाते. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवरही नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' न लिहिता 'हिपॅटिक व्हेन, आयव्हीसी आणि पोर्टल व्हेनचं डॉपलर' असं लिहून घ्यावं. शिरा बघा असं सांगितलं नाही तर घाईत त्या बघितल्या जातीलच असं नाही.

उपचार पायरीपायरीने चढतात. पहिली पायरी रक्त पातळ करण्याची : आधी हेपरिनची इंजेक्शनं, मग गोळी, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, २ ते ३ च्या दरम्यान. त्याआधी दुर्बिणीने अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का ते पाहतात, कारण त्या फुटल्या तर रक्तस्राव होतो. दुसरी पायरी तुमच्या बहिणीसाठी सगळ्यात महत्त्वाची. तिची वाट थोड्याच लांबीत अरुंद आहे, आणि अशा ठिकाणी मानेतून किंवा जांघेतून तार नेऊन फुग्याने ती रुंद करता येते, गरज पडली तर स्टेंट बसवतात. पोट फाडावं लागत नाही. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. ते नाही जमलं तर लिव्हरमधूनच स्टेंटने नवी वाट काढतात, तिला टिप्स म्हणतात. लिव्हर बदलायची वेळ या सगळ्यानंतर येते. तिच्या रिपोर्टावरून आज मला ती बोलणीसुद्धा करायची गरज वाटत नाही.

तेव्हा हो, मुंबईला न्या. केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात पोटविकार विभाग आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी एकाच छताखाली असतात, ते इथे गरजेचं आहे. रिपोर्टाबरोबर डॉपलरची सीडीही न्या. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या, आणि खर्चाचं बोलणं सुरू होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारा.

गुठळी का झाली हेही शोधायचं असतं. बाळंतपणानंतरचे आठवडे गुठळीच्या दृष्टीने जोखमीचेच, पण नुसतं बाळंतपण म्हणून थांबू नका. एकाच माणसात दोन कारणं सापडणं नवीन नाही. जेएके-२ ची चाचणी करा. २००५ मध्ये सापडलेला हा जनुकातला बदल अस्थिमज्जेच्या एका गटातल्या आजारांचा धागा देतो. प्लीहा, म्हणजे पाणथरी, मोठी असूनही प्लेटलेट्स नॉर्मल किंवा जास्त असतील तर माझा संशय तिकडेच जातो. अँटिफॉस्फोलिपिड आणि पीएनएच या, गुठळ्या करणाऱ्या आणखी दोन आजारांच्या, तपासण्याही असतात. प्रोटीन सी आणि एस या गुठळी रोखणाऱ्या प्रथिनांचे आकडे लिव्हर बिघडलेलं असताना आणि वॉरफरिनवर फसवे येतात, त्यांचा अर्थ तज्ज्ञांकडूनच लावून घ्या.

घरी आल्यावरचं सांभाळणं वर्षानुवर्षांचं आहे. स्टेंट बसला तरी गोळी चालूच राहते. आयएनआरची एक वही ठेवा, त्यात तारीख, आकडा, गोळीचा डोस. मेथी-पालक बंद करू नका, पण आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खाऊ द्या. हिवाळ्यात भरिताच्या पंगतीत पातीचा कांदा मूठमूठ जातो. त्या दिवसांत एकदम जास्त खाल्ला तर आकडा खाली येऊ शकतो. मीठ कमी : पापड, बिबड्या, लोणचं, शेव बाजूला. अंग दुखतं म्हणून गावात कमरेत इंजेक्शन घेऊ नये, तिथे रक्त साकळतं. डायक्लोफिनॅक, ब्रुफेनही नको. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत, आणि घरात पूजा आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही नकोत. हे तिच्या सासूबाईंना समोर बसवून सांगा. काळी शौच, रक्ताची उलटी, ताप, पोटात एकदम दुखणं किंवा गुंगी, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय.

मूल होणार नाही असं कुणी ठरवू नये. आजार आटोक्यात आला की अशा कितीतरी बायका नीट बाळंत होतात. आधी ठरवून, तज्ज्ञांना सांगून दिवस जाऊ द्यायचे, कारण वॉरफरिन पोटातल्या बाळाला अपाय करतं आणि त्याऐवजी हेपरिन द्यावं लागतं. आणि दादा, तिला दोन लेकरं आहेत. माहेरी ठेवायचं ते उपचारापुरतं. तिचं घर शिरपूरला आहे, हे तुमच्या वडिलांनी तिकडे जाऊन स्पष्ट बोलावं असं मला वाटतं.

शहादा येथून एक आई : मुलगा सात वर्षांचा. रक्ताची मोठी उलटी झाली. पाणथरी वाढली आहे, सिकलसेल नाही. पोर्टल व्हेन बंद आहे म्हणाले. घरचे म्हणतात पाणथरी काढून टाका. तान्हा असताना मी त्याच्या बेंबीला तेल-हळद लावली होती, त्यानेच झालं का?

उत्तर : ताई, आधी शेवटचं. बेंबीचा मोठा संसर्ग हे एक कारण असू शकतं, पण बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही. हा दोष स्वतःकडे घेऊ नका. नव्या बाळांच्या बेंबीला मात्र काही लावू नये, ती कोरडी ठेवावी.

लिव्हरला मिळणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेन आणते. ती बंद झाली की रक्त आडवाटा धरतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते. या मुलांचं लिव्हर स्वतः बहुधा चांगलं असतं, हे लक्षात ठेवा. दुर्बिणीतून त्या शिरांना रबराचे बँड लावतात, शिरा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा. नुसती पाणथरी काढायला मी नाही म्हणेन : तिची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडून पुढे रक्ताला नवी वाट, म्हणजे स्प्लिनोरीनल शंट, करता येतो, तो मार्ग हातचा जातो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. डाव्या पोर्टल फांदीत जागा असेल तर रेक्स शंट होतो. त्यात बहुधा मानेतली शीर घेऊन आतड्यांकडचं रक्त पुन्हा लिव्हरमध्ये सोडतात, आणि खुंटलेली वाढ सुधारू शकते. हे लहान मुलांच्या सर्जनकडूनच तपासून घ्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन मिसळलेलं सिरप घरात ठेवू नका. कबड्डी, कुस्ती नको, शाळा मात्र चुकवू नका. पुन्हा उलटी झाली तर त्याला कुशीवर ठेवा आणि लगेच निघा.

धडगाव भागातून एक शिक्षक : काविळीला रानातल्या मुळ्यांचा काढा देतात. लिव्हरला चालतो का?

उत्तर : सर, वनस्पती कोणती हे कळल्याशिवाय हो म्हणता येत नाही. खुळखुळ्याच्या जातीच्या काही झाडांत पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं असतात. ती लिव्हरमधल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खरवडतात आणि त्या बुजतात. १९७० च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात, जो आज छत्तीसगडमध्ये आहे, गोंदली नावाच्या बारीक धान्यात खुळखुळ्याचं बी मिसळलं गेलं आणि पोटात पाणी होऊन माणसं दगावली. त्यामुळे काढा घेतलेल्या कुणाचं पोट फुगू लागलं, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तर काढा तिथेच थांबवा. दवाखान्यात जाताना पूड नको, पान, फूल आणि शेंग असलेली अख्खी डहाळी कागदात गुंडाळून बरोबर द्या.